पहिल्या खाचेपर्यंत पिवळा

वाडी, ५ जुलै

गोल्या,

आशीर्वाद आहेच, तो मांडून लिहीत नाही. कागदाची एकच बाजू कोरी आहे. मागची बाजू तुझ्या बापाच्या गोदामातली ट्रकच्या मालाची जुनी बिल्टी आहे, ती वाचत बसू नको, सिमेंटची आहे.

तुझं कार्ड पोचलं. टोपली तर अशी काढली की हात घालावा वाटते. पण संत्री कच्ची काहून काढली? आन पानं विटकरी? नरखेडले माझ्या माहेरच्या बागेत तू एवढासा होता तेव्हा एकेक संत्रं दाबून, वास घेऊन तोडे. मी सगळ्यांले सांगे, पोट्टा मोठा जाणकार आहे. आन आता पुण्याले जाऊन चित्रकलेच्या कॉलेजात कच्ची संत्री! नागपूरच्या माणसानं हे पाहिलं तर तुले गावात घेणार नाही.

तुझा आबाजी, आमचा रुपराव पेंटर, आज असता तर कार्ड उलटं करून ठेवलं असतं. अमरावती रोडवर तीस वर्षं ट्रक रंगवले त्यानं. मोर, कमळ, संत्र्याची फांदी. काय नजर होती बुढ्याची!

घरची खबर. तुझी माय तारा ठीक आहे. जावईबापू मधुकरराव म्हणतात, पोरगा पहिल्या वर्षी नापास झाला तर सरळ आणून गोदामात बसवतो, बाजूची खुर्ची रिकामीच ठेवली आहे. मी बरी आहे. फक्त नीळ खराब येऊन राहिली. बादलीत दोन झाकणं टाकली तरी माझं पांढरं पातळ पिवळंच्या पिवळं. तारा म्हणते आई, पुरे. तिले काय समजते धुण्यातलं.

फोन करू नको. मले फोनात नुसती चुरचुर ऐकू येते, मग मी 'हाव, हाव' म्हणते. मागच्या खेपेले त्या हाव-हावमध्ये मी काय कबूल केलं ते अजून कोणी मले सांगितलं नाही. तिसरीपर्यंत शिकली आहे, तेवढ्यात पत्र होते.

जयवंता
(सही आहे, अंगठा नाही)


पुणे, १४ जुलै

ती. आजीस सा. न.

तुझे पत्र मिळाले. मी मजेत आहे. कॉलेज छान चालू आहे. संत्र्यांविषयी म्हणशील तर ती कच्ची नाहीत. आमच्याकडे जसे दिसते तसेच रंगवायचे असे नसते. ती एक शैली आहे.

सहज एक विचारायचे होते. आबाजी केशरी रंग कसा करायचे? पिवळा किती, लाल किती? आणि डब्यावरचे नाव माखून गेले, वाचताच येईना, तर कुठला डबा कुठल्या रंगाचा हे त्यांना कसे कळायचे? इथे पावसाने बाटल्यांची लेबलं निघून जातात, म्हणून विचारतो.

बाबांना सांग, अभ्यास उत्तम चालू आहे.

तुझा
गोलू


वाडी, २१ जुलै

गोल्या,

पुण्याले जाऊन लयच साष्टांग घालून राहिला. पाठ दुखेल.

डब्यावरचं नाव पुसलं तर माणूस डब्यात पाहते. पाहिलं की रंग दिसते. हे विचारायले पत्र लागते का?

या पाकिटात दोन दोरे आहेत. एक लाल, एक हिरवा. लाल तुझ्या मनगटाले बांध, बाजूच्या पोट्ट्याले न विचारता. हिरवा मले परत पाठव. बस, एवढंच काम.

जयवंता


पुणे, ३० जुलै

आजी,

दोन्ही दोरे परत पाठवतो. कोणता बांधावा ते समजलं नाही. खिडकीत धरून पाहिले, बल्बखाली पाहिले. एक जरा गडद वाटतो, एवढंच.

मले वाटलं होतं तुले कळणार नाही. कॉलेजात कोणाले माहीत नाही. शाळेत पेन्सिलीचीच चित्रं काढली, बक्षिसं मिळाली, कोणी विचारलं नाही. इथं रंगाच्या मॅडमनी मागच्या महिन्यात ठिपक्यांचं एक पुस्तक आणलं. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. सगळ्यांना दिसला. मले नुसते ठिपके. माझी पाळी यायच्या आधी मी पोट दुखते म्हणून बाहेर निघून गेलो.

आठ ऑक्टोबरले रंगाची परीक्षा आहे. पांढऱ्या चादरीवर फळांची टोपली ठेवणार. त्यात नापास झालो तर वर्ष गेलं, आन बाबांची खुर्ची तयारच आहे. मी बाटल्यांवर खुणा करून ठेवतो, पण दोन रंग मिसळले की पुढं काय झालं ते मले दिसत नाही.

तू म्हणते आबाजींची नजर. मग तीच मले काहून नाही आली? आईले सांगू नको. बाबाले तर बिलकूल नाही.

गोलू


वाडी, ७ ऑगस्ट

गोल्या,

त्याची नजर तुले आली नाही म्हणून रडू नको. तीच आली आहे. पूर्णच्या पूर्ण.

हे मी कोणाले सांगितलं नाही, तुझ्या मायलेही नाही. तुले सांगते कारण तू दोन्ही दोरे परत पाठवले. दुसरा कोणी असता तर एक बांधून मोकळा झाला असता आन अर्ध्या वेळा बरोबरही निघाला असता.

लग्नाले दोन महिने झाले होते. पोळा आला. सासऱ्यानं सांगितलं, रुपराव, तू पेंटर, बैलांची शिंगं तू रंगव. मी डबे देऊन राहिली, हा रंगवून राहिला. संध्याकाळी बैल तोरणाखाली नेले तर सगळं गाव हसून राहिलं. आमच्या पवळ्याचं एक शिंग लाल आन दुसरं हिरवं! सासरा काठी घेऊन आला. रुपराव तोऱ्यात म्हणते, "नागपूरची फॅशन आहे, तुम्हाले नाही समजायची." मले वाटलं नवरा मोठा मस्करा आहे. घरी आल्यावर विचारलं तर तोंड पाडून बसला. म्हणे, "जयवंता, मले दोन्ही सारखीच दिसली." मग म्हणे, "कोणाले सांगशील तर माझा धंदा गेला."

पुढच्या पोळ्याले अर्ध्या गावानं बैलांची शिंगं तशीच रंगवली. हे आठवलं की मले अजून हसू येते.

तेव्हापासून आमचं ठरलं. तो रेघ मारे, मी रंग पाहत जाई. डब्याच्या झाकणाले आतून खिळा ठोकून वर फुगवटे काढले. एक फुगवटा लाल, दोन पिवळा, तीन हिरवा. अंगठा फिरवला की समजे. एकदा झाकणं एकमेकांच्या डब्यांवर बसली आन एका सरदारजीच्या ट्रकवर हिरवं कमळ उगवलं, तेव्हा अक्कल आली की झाकण बदलते, डब्याची कडी बदलत नाही. मग कडीले सुतळीच्या गाठी बांधल्या. मिसळायचं काम माझ्याकडं. नारळाच्या कवटीत चमच्यानं घालून, बाभळीच्या काडीनं घोटून. ट्रकवर लावून झालं की रंग पाहायले तो आवाज दे, "जयवंता, पाय बरं." मी पोळी तव्यावर टाकून धावे. लोक म्हणत, रुपरावच्या रंगाले तोड नाही. रंग माझा, नाव त्याचं. राग येई. मग त्या दिवशी त्याच्या चहात साखर कमी पडे. तेवढंच.

तू संत्री दाबून, वास घेऊन तोडे, तो पण तसाच तोडे. मी दोघांले जाणकार समजली. माझ्याएवढी हुशार बाई अख्ख्या तालुक्यात नसेल.

आता ऐक. ताराले सीताबर्डीच्या बाजारातून पोस्टर कलर आणायले लावले. भिंतीवर देवाचं काही काढते म्हटलं, तिनं विचारलंही नाही. तुझ्या बापाले पावसाळाभर खोकला असते, औषधाच्या बाटल्यांची घरात कमी नाही. त्यात रंग मिसळून, डिंकाचं पाणी घालून भरून पाठवून राहिली. बाटलीच्या मानेले गाठी आहेत. एक गाठ संत्र्याची: तीन चमचे पिवळा, अर्धा लाल, चिमूट पांढरा. दोन गाठी पानाचा हिरवा, त्यात लालचा एक थेंब, नाहीतर लयच बाजारू दिसते. तीन गाठी पेरूची. चार गाठी चादरीचा पांढरा, त्यात निळ्याची टिचकी, तेव्हाच पांढरा पांढरा दिसते.

मी स्वतः डोळ्यानं पाहून घोटले आहेत. तू डोळे मिटून वापर.

जयवंता


पुणे, १ सप्टेंबर

आजी,

तू सांगितलं तसंच केलं. परीक्षेच्या आधीची एक परीक्षा घेतली मॅडमनी. मी गाठी मोजल्या, एकही चुकलो नाही. डोळे मिटून भरवसा ठेवला.

चादर निळी झाली. जराशी नाही, आभाळाएवढी निळी. निळा मले तुमच्यासारखाच दिसतो, म्हणून रंगवतानाच शंका आली. पण वाटलं, आजी म्हणते तर मलेच चुकीचं दिसत असेल. पेरू तर बाजूचा मुलगा म्हणाला, समुद्रातून काढला का? सगळा वर्ग हसला. मॅडमनी विचारलं, "हे मुद्दाम केलंस?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार? माझ्या आजीनं खोकल्याच्या बाटलीत पाठवलं म्हणून?

एक खरं सांग. बाबांनी तुले काही सांगितलं का? सगळ्यांना मी घरी यायला पाहिजे, खुर्चीवर बसायला पाहिजे. तसं असेल तर सरळ लिहायचं होतं. निळा घालून कशाला?

दसऱ्याला येतो. सामान घेऊन येतो. परीक्षेला बसत नाही.

गोलू


वाडी, ६ सप्टेंबर

गोल्या,

तुझं पत्र वाचून मी तुले इतक्या शिव्या दिल्या की मधुकरराव बाहेर निघून गेले, त्यांले वाटलं त्यांलेच देऊन राहिली. तुझ्या बापाच्या सांगण्यावरून मी रंगात घोळ करीन? त्याच्या सांगण्यावरून मी कधी भाजीत मीठसुद्धा टाकलं नाही.

माझा पांढरा पांढराच होता. हे सिद्ध करायले मी ताराले बोलावलं. उरलेला रंग ताटात ओतला, म्हटलं, "सांग वं, हा कोणता?" तिनं तोंडाले पदर लावला. हसून राहिली का रडून, मले दिसलं नाही. आन "मले दिसत नाही" हे माझ्या तोंडून पहिल्यांदा मोठ्यानं निघालं.

मग ती म्हणते, "आई, हा निळा आहे. आन तुझं पातळ पण दोन वर्षांपासून निळं आहे."

सुई ओवता येत नव्हती, तर मी म्हणे सुया खराब. तांदळातला खडा दिसत नव्हता, तर म्हणे आता तांदूळ स्वच्छ येते. नीळ तर खराब होतीच.

उद्या डोळ्याच्या दवाखान्यात नेऊन राहिली. दवाखान्याले मी आजवर भेली नाही, कारण कधी गेलीच नाही. तू सामान बांधू नको. बांधलं असशील तर सोड. माझं पत्र येईपर्यंत जागचा हलायचं नाही.

जयवंता


वाडी, २४ सप्टेंबर

गोल्या,

हे पत्र एका डोळ्यानं लिहून राहिली, म्हणून ओळी गाडीच्या चाकासारख्या फिरतील.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टरीण तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. म्हणे, आजी, तुम्ही इतके दिवस चहाच्या काचेतून जग पाहत होत्या, म्हणून सगळं पिवळं. त्यातला पिवळा मारायले मी निळा ओतत होती. कपड्यात, भिंतीच्या चुन्यात, तुझ्या बाटलीत. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आन पहिल्यांदा स्वतःकडं पाहिलं. गोल्या, मी निळी! पातळ निळं, खोलीच्या भिंती निळ्या, देवाचं आसन निळं. उजवा मिटून डाव्यानं पाहिलं की सगळं दुधासारखं. डावा मिटून उजव्यानं पाहिलं की मी रामनवमीच्या मिरवणुकीतून पळून आलेल्या निळ्या रामासारखी. बाजूच्या मिनलले मी दोन वर्षं म्हणत होती, तुझं लुगडं मळकट दिसते वं. ते बिचारीचं एकटीचं पांढरं होतं. वाडीत कोणी मले बोललं नाही. माझ्या तोंडाले भेतात. तोंड असं ठेवलं त्याचं हे फळ.

माझी चूक झाली. हे एकदाच लिहून राहिली, जपून ठेव.

डॉक्टरणीले मी तुझं नाव न सांगता विचारलं. ती म्हणे, लाल-हिरव्याचं हे आजोबाकडून आईच्या मार्गे नातवाले येते, आईले स्वतःले काही होत नाही. म्हणजे तारा पोस्टमन. पाकीट तिनं उघडलं नाही, तुले नेमकं पोचवलं. तिले सांगितलं मी. आधी रडली, मग म्हणते, "बाबाले पण होतं? आन तू मले सांगितलं नाही?" दोन दिवस बोलली नाही. आता बोलून राहिली, जास्तच.

आता खरं कामाचं.

नवा डोळा आला म्हणून सगळं उघडून पाहून राहिली. पलंगाखाली आबाजीची पेटी होती. तो गेल्यापासून नऊ वर्षं मी तिले हात लावला नव्हता. रंगाचा भंगार डबा म्हणून ठेवली होती. आत ब्रश, एक फुटकी बत्ती, आन सुतळीनं बांधलेल्या बांबूच्या अकरा कमच्या. एकेक बोटाएवढी रुंद, वीतभर लांब. कमचीच्या डोक्यावर चाकूनं काहीतरी कोरलेलं. एकीवर गोल, म्हणजे संत्रं. एकीवर चोच. एकीवर पान. आन खाली खाचा.

मी पालथी-सुलटी करून पाहिली, समजेना. मग ताराच बोलली, "आई, ही उभी धरायची असेल." खोकल्याची एक बाटली घेतली, कमची आत उभी केली. पहिल्या खाचेपर्यंत पिवळा. दुसरी खाच अगदी जवळ, तिथपर्यंत लाल. वरच्या बारीक रेघेपर्यंत पांढरा. घोटला. उजव्या डोळ्यानं पाहिलं. गोल्या, झाडावरचं संत्रं. माझ्या तीन चमचे अर्धा चमच्यापेक्षा चांगलं. माझं जरा लालच होत होतं म्हणजे.

चोचवाली केली तर पोपट. पानवाली तर पान. खाचा बोटांनी गुळगुळीत झालेल्या, वापरून वापरून. कोणाले विचारून ते तोच जाणे, पण बुढ्यानं सगळे रंग मोजून ठेवले होते. पाहायची गरजच ठेवली नव्हती. मी घोटलेला रंग तो मागून आपल्या कमचीनं दुरुस्त करत असेल, किंवा ओतून नवा करत असेल. आन मी तीस वर्षं समजत होती की माझ्या डोळ्याशिवाय अमरावती रोडवरचा एकही मोर उभा राहत नाही! चहातली साखर उगाच कमी केली.

मग तो मले "जयवंता, पाय बरं" काहून म्हणे? मी ताराले विचारलं. तिले नाही माहीत. मले वाटते, मले गुंतवून ठेवायसाठी. नाहीतर मी त्या वेळेत शेजारणींसंग भांडत बसली असती, आन गिऱ्हाईकं त्यांच्याच घरची होती.

अकराच्या अकरा कमच्या पाठवून राहिली. यात माझा डोळा लागत नाही, कोणाचाच लागत नाही, म्हणून खात्रीनं पाठवते. पांढऱ्याची कमची नाही. पांढरा नुसता पांढरा वापर, निळ्याले हात लावू नको.

दसऱ्याले येऊ नको. परीक्षेले बस. आन त्या मॅडमले खरं सांग. तुझ्या आबाजीनं तीस वर्षं लपवलं, मी लपवलं, आन त्याचा माल पलंगाखाली पडून राहिला. तुले लपवायची गरज नाही, तुले कोण्या सरदारजीचा ट्रक रंगवायचा नाही.

जयवंता


पुणे, १० ऑक्टोबर

आजी,

आधी माफी. तुझ्यावर शंका घेतली ती मागच्या पत्रातून फाडून टाकता आली असती तर टाकली असती.

कमच्या पोचल्या त्याच दिवशी मॅडमकडे घेऊन गेलो. ठिपक्यांपासून खोकल्याच्या बाटलीपर्यंत सगळं सांगितलं. निळ्या चादरीचं सांगताना मॅडमना हसू आवरेना, मग मलेही. त्यांनी संत्र्याची कमची हातात घेतली, डोक्यावरच्या गोलावर अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "मोजून मिसळायला कोण नाही म्हणतं? पण लिहून ठेव, दर वेळी, किती आणि काय." आता माझी एक वही आहे. अकरा कमच्यांच्या आता सतरा झाल्या. सहा मी कापल्या, वर्गातली मुलं रंग पाहून सांगतात, मी खाच मारतो. बाजूचा तो समुद्रातल्या पेरूवाला सगळ्यात नेमकं सांगतो.

परवा परीक्षा झाली. टोपलीत मोसंबी होती, संत्री नव्हती. मी आधी एक उचलून दाबली, वास घेतला, मग पानवाल्या कमचीनं थोडं आन संत्र्याच्या कमचीनं थोडं, दोन्ही मिसळून केलं. चादर पांढरीच. मॅडमनी आज सांगितलं: रंगात काठावर पास, रेषेत वर्गात दुसरा. बाबांना सांग, खुर्चीवर दुसरं काहीतरी ठेवा. दिवाळीत येतो, पण पाहुणा म्हणून.

पाकिटात एक कमची आहे, तुझ्यासाठी कापली. डोक्यावर काही कोरलं नाही, साधीच. एकच खाच आहे. नीळ आधी वाटीत ओत, ती या खाचेपर्यंत, मग बादलीत. त्याच्यावर एक थेंब नाही.

गोलू


वाडी, १५ ऑक्टोबर

गोल्या,

काठावर पास झालास त्याचं मी मिनलच्या घरी जाऊन सांगितलं, काठावर हा शब्द सोडून. जावईबापूंनी पत्र दोनदा वाचलं. त्या खुर्चीवर आता माझे डोळ्यांचे थेंब ठेवतात.

कमची पोचली. खाच लयच खाली कापली, नीळ दिसतही नाही एवढी. तरी मोजून टाकली. पातळ वाळलं. तारा म्हणे पांढरं आहे. मी म्हटलं तू बोलू नको, मले दिसते.

दिवाळीले येशील तेव्हा चित्र घेऊन ये, आन मले समोर बसवून विचार, "आजी, पाय बरं." तुले गरज नाही हे मले माहीत आहे. गरज त्यालेही नव्हती. तरी विचार.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तोवर तो चहाच्याच काचेतला आहे, म्हणून चित्र पाहताना मी डावा डोळा मिटीन. डोळा मारून राहिली असं समजून लोकांत सांगत फिरू नको.

जयवंता